विड्यावरचे सेनापती

सत्यनारायणाची सगळी तयारी झाल्यावर घरात नाणी नाहीत हे सुचेताच्या लक्षात आलं. चौरंग मांडलेला, केळीचे खुंट बांधलेले, रवा तुपात भाजून तयार. पानं होती, सुपाऱ्या होत्या, हळकुंडं होती. पण पाच विड्यांवर पाच आणि कलशात एक अशी नाणी लागतात, आणि राजाजीनगरात भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे फोनवर पैसे घेऊ लागल्याला इतकी वर्षं झाली होती, की चिल्लर ठेवायच्या डब्यात तिनं कधीच लवंगा भरल्या होत्या.

तिनं शिलाई मशीनचा खण उपसला, जुन्या पर्सा झटकल्या, नवऱ्याच्या पँटींचे खिसे उलटे केले. पाच रुपयांचं एक नाणं हाती लागलं. समोरच्या यल्लव्वा अक्कांकडे धाव घेतली, तर त्या म्हणाल्या, "चिल्लर इल्ला गं, फोनवर पाठवू का?" कोपऱ्यावरचा दुकानदार सुट्ट्यांच्या जागी चॉकलेटं द्यायला तयार होता. पण देवापुढं चॉकलेटाचा विडा मांडायची काही सुचेताची छाती होईना.

गुरुजी यायची वेळ झाली होती. श्रीरंगराव आंघोळीला गेले होते. आणि कपाटात, सुचेताच्या रेशमी साड्यांच्या खाली, नाण्यांचा एक आल्बम होता.

हा आल्बम म्हणजे श्रीरंगरावांचा जीव होता, आणि हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. हुक्केरीकडून हे जोडपं बेंगळुरात आलं त्याला आता एक जन्म झाला. श्रीरंगरावांनी सगळी नोकरी यंत्रांच्या एका कारखान्यात काढली. निवृत्त झाले आणि बाल्कनीतल्या खुर्चीत जे बसले, ते बोलेचनात. चहा ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. सुचेता त्या गप्पपणाला फार घाबरली होती. एक दिवस तिनं त्यांना शिवाजीनगरात कुकरची रिंग आणायला जबरदस्तीनं पाठवलं. ते रिंग विसरले आणि जुन्या नाण्यांच्या दुकानातून महाराणा प्रतापांचं एक रुपयाचं नाणं घेऊन आले. त्या संध्याकाळी ते जेवणाचं ताट निवेपर्यंत बोलत राहिले. पुढं महिनाभर डाळ पातेल्यात शिजली, पण सुचेतानं तक्रार केली नाही.

तेव्हापासून श्रीरंगरावांनी फक्त सेनापती जमवले. सरकार संतांची काढतं, पुढाऱ्यांची काढतं, संस्थांची काढतं; त्या नाण्यांकडे ते ढुंकूनही बघत नसत. ज्यानं फौज चालवली तोच माझ्या घरात, असं त्यांचं म्हणणं. शिवछत्रपती आणि नेताजी दोन-दोन रुपयांवर, महाराणा प्रताप आणि वीर दुर्गादास एकेका रुपयावर, तात्या टोपे दहा रुपयांवर. बाजारात या नाण्यांना फारशी किंमत नव्हती. पण श्रीरंगरावांना ती कोरी हवी होती, टांकसाळीतून निघाल्यापासून कुणाचं बोट न लागलेली. व्यवहारात घासलेल्या ढिगाऱ्यातून तसं एकेक शोधण्यात त्यांच्या चपला झिजल्या होत्या. रविवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, नाणे-संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं आणि तिथं हे पाच सेनापती पहिल्यांदा लोकांपुढं येणार होते. आजचा सत्यनारायण सुचेतानं त्यासाठीच घातला होता.

तिनं विचार केला, दोन तासांचा तर प्रश्न आहे. पूजा झाली की उचलायची, पदरानं पुसायची, जागच्या जागी ठेवायची. गुरुजींची दक्षिणा फोनवर पाठवायची. श्रीरंगरावांना विचारण्यात अर्थ नव्हता, कारण ते त्या नाण्यांना स्वतःसुद्धा पांढरे हातमोजे घातल्याशिवाय शिवत नसत. चार सेनापती आणि ते पाच रुपये विड्यांवर गेले, तात्या टोपे कलशात. सेनापतींच्या चेहऱ्यावर सुपारी टेकवणं तिला बरं वाटेना, म्हणून तिनं सिंहाची बाजू वर ठेवली. सिंहाच्या बाजूनं देशातली सगळी नाणी सारखीच दिसतात, हेही तिच्या पथ्यावर पडलं.

पूजा यथासांग झाली. श्रीरंगराव सोवळं नेसून चौरंगापुढं बसले होते, पण मन प्रदर्शनाच्या हॉलमध्ये होतं. गुरुजी हयवदनाचारांनी सांगितलं तसं त्यांनी विड्यांवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, वर पंचामृताचे थेंब उडवले. आपल्याच हातानं आपण कुणाला न्हाऊ घालतोय याचा त्यांना पत्ता नव्हता. आरती झाली, आणि शिऱ्याचा घास तोंडात असतानाच ते टेबलक्लॉथ, काचा आणि भिंग पिशवीत भरून हॉलवर टेबल लावायला निघून गेले.

सुचेता गुरुजींसाठी प्रसादाचा डबा भरायला स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात हयवदनाचारांनी जन्मभराच्या सवयीनं तांदूळ, सुपाऱ्या आणि नाणी उपरण्यात बांधली, कलशातलंही नाणं काढून घेतलं, आणि स्वयंपाकघराच्या दारातच डबा घेऊन, आशीर्वाद देऊन स्कूटरवर बसले. त्यांना दुसऱ्या पूजेची घाई होती. सुचेता सावकाश हात पुसत बाहेर आली, तर चौरंगावर नुसती ओली पानं.

तिनं धावत जाऊन फोन घेतला. फोन लावला तर हयवदनाचारांनी उचलला नाही. स्कूटरवर ते फोन उचलत नसत आणि पूजेत तो बंद ठेवत. दुसरी पूजा कुठं आहे हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. व्हाइटफील्डला नागपूरच्या एका जोडप्यानं नवा फ्लॅट घेतला होता, त्यातल्या आसावरीनं मराठी मंडळाच्या ग्रुपवर मराठी बोलणारे गुरुजी कुणाला माहीत आहेत का म्हणून विचारलं होतं, आणि हयवदनाचारांचं नाव सुचेतानंच सुचवलं होतं. स्वतःच्या हातानं इतकी चोख व्यवस्था तिनं याआधी कधी केली नव्हती. आसावरीला फोन केला, तर तोही लागेना. मग पूजेच्याच साडीत ती मेट्रोत बसली आणि व्हाइटफील्डपर्यंत सत्यनारायणालाच दोष देत गेली.

दार आसावरीनं उघडलं. अंगावर नवी पैठणी आणि कानात इअरफोन, कारण शनिवार असला तरी ऑफिसचा कॉल चालू होता. आत तिचा नवरा अद्वैत मांडी घालून मुंग्या आलेले पाय हळूच दाबत होता. हयवदनाचार तिसऱ्या अध्यायात होते. चौरंगावर पाच विडे होते, आणि मधल्या विड्यावरच्या सुपारीआडून महाराणा प्रताप सुचेताकडे बघत होते.

अध्याय संपेपर्यंत ती दारापाशी उभी राहिली. मग पुढं होऊन हळू आवाजात म्हणाली, "आचार, ही नाणी माझी आहेत. चुकून गेली."

हयवदनाचारांनी पोथीतलं बोट न काढता मान वर केली. विजापूरकडचा हा माणूस फार सज्जन, पण शास्त्राच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकणारा नव्हता. "अक्का, पूजेत चुकून काही जात नाही," ते म्हणाले. "तुम्ही देवापुढं ठेवलं, देवापुढचं मी घेतलं. दान झालं ते."

"मग परत द्या की ओ."

"देणाऱ्यालाच परत दिलं तर तुम्हाला दोष, मला दोष. आणि आता ती माझीपण नाहीत. यांनी साहित्याचे पैसे फोनवर पाठवले. तांदूळ, सुपारी, नाणी, सगळं धरून."

सुचेतानं आसावरीकडे पाहिलं. त्या पोरीनं कॉल बंद केला, सगळी हकिगत ऐकली, आणि लगेच नाणी उचलायला हात पुढं केला. हयवदनाचारांनी नुसते डोळे मोठे केले, तसा हात मागं आला. देवापुढं मांडलेलं मध्येच उचलता येत नाही, हे तिला त्यांनी शांतपणे समजावलं. पूजा उतरली की ते कुणाला तरी द्यायचं असतं; गुरुजींना, नाहीतर मेहुणाला. गुरुजींना दिलं तर ते संध्याकाळी के. आर. पुरमच्या पूजेला जाणार.

"मेहूण," आसावरी कपाळाला हात लावून म्हणाली. "काकू, तोच तर घोळ झालाय न. आई नागपूरहून सांगून राहिल्या, की मेहूण जेवल्याशिवाय पूजा पुरी नाही होत. पण आमच्या ओळखीत लग्न झालेलं कुणीच नाही. एक जोडपं आहे, तर तो हैदराबादला असतो न ती इथं."

हयवदनाचारांनी सुचेताकडे बघितलं आणि पहिल्यांदाच थोडे हसले. "वाट आहे अक्का. यांनी मेहुणाला दक्षिणा दिली तर ते नवीन दान. त्याला दोष नाही. पण मेहूण म्हणजे जोडी पाहिजे. एकट्या बाईला देऊन चालत नाही. यजमानांना बोलवा."

म्हणजे ज्या माणसापासून हे सगळं लपवायचं, त्यालाच व्हाइटफील्डला आणून चौरंगापुढं बसवायचं होतं. सुचेता बाल्कनीत गेली, दोन वेळा देवाचं नाव घेतलं आणि श्रीरंगरावांना फोन लावला. जेवायचं आमंत्रण ऐकून ते भडकलेच. टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, काच पुसायची राहिली होती, आणि शेजारच्या टेबलावर मंडळाचे सेक्रेटरी दयानंदराव राणीच्या छापाचे चांदीचे रुपये मखमलीवर मांडून मिशीला पीळ देत बसले होते. उत्कृष्ट मांडणीसाठी प्रेक्षकांची मतं घेण्याची टूम दयानंदरावांचीच, आणि दर वर्षी त्या बक्षिसाची ढाल घरी नेत तेही दयानंदरावच. अशा वेळी पुरणपोळ्या कसल्या खाता, असं श्रीरंगरावांचं म्हणणं पडलं.

"बरं, राहू दे," सुचेता म्हणाली. "इथं काही नाणी दिसली म्हणून म्हटलं. शिवाजी महाराजांचं एक आहे. महाराणा प्रतापांचंपण आहे. मला त्यातलं काय कळतंय, पण चांगली चकाकतात."

पलीकडे काहीतरी घाईनं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हात लावू नको," श्रीरंगराव म्हणाले. "कुणाला लावू देऊ नको. मी निघालो."

यात खोटं एक अक्षरही नव्हतं, याचं सुचेताला त्या गडबडीतही समाधान वाटलं.

श्रीरंगराव आले ते घामाघूम होऊन. आसावरीच्या सासूबाई फोनच्या पडद्यावर हजर होत्या आणि नागपूरहून बारकाईनं लक्ष ठेवून होत्या. अद्वैतनं दोघांचे पाय धुतले, आसावरीनं सुचेताची ओटी भरली. श्रीरंगरावांचं त्यात मुळीच लक्ष नव्हतं. मान वेळावून ते चौरंग न्याहाळत होते. जेवणं उरकली, उत्तरपूजा झाली, आणि हयवदनाचारांनी खूण केल्यावर अद्वैतनं विड्यांवरची नाणी, कलशातल्यासकट, उचलून श्रीरंगरावांच्या ओंजळीत ठेवली.

श्रीरंगरावांनी चष्मा लावला. हळदीनं माखलेले शिवछत्रपती, पंचामृतात चिकटलेले नेताजी, कपाळभर कुंकू ल्यालेले महाराणा.  मग ते जे फुटले ते अद्वैतवर. असलं नाणं ओल्या पानावर ठेवतात का, धातू म्हणजे काय असतो ठाऊक आहे का, हा दुर्गादास शोधायला माणसाला अर्धा कर्नाटक पालथा घालावा लागतो आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर सुपारी ठेवता, असं ते बोलत सुटले. अद्वैत मोठ्या कंपनीत दोन डझन लोकांना कामाला लावणारा माणूस, पण त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मध्येच त्यानं सुचेताकडे बघितलं. सुचेता पंख्याकडे बघत होती.

"सॉरी काका," तो म्हणाला. "आम्हाला माहीतच नव्हतं न."

श्रीरंगराव लगेच विरघळले. आणि विरघळल्यावर त्यांनी जे केलं, त्यानं सुचेताचा विडा घशात अडकला. त्यांनी नाणी अद्वैतपुढं धरली. "ही मी घेऊ शकत नाही रे बाळा," ते म्हणाले. "तुमच्याकडे काय आलंय ते तुम्हाला कळलेलं नाही. मऊ कापडात ठेवा, तुमच्या पोरांना होतील. मी लबाडी करून नेली असं नको व्हायला."

अद्वैतचा हात अर्ध्यात थांबला. घ्यावं तर काकूंचं नुकसान, न घ्यावं तर काकांना काय सांगावं. इतक्यात हयवदनाचार ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "यजमान, मेहुणानं दक्षिणा परत केली तर या नव्या घराला लागतं. शास्त्र आहे. मुकाट्यानं खिशात घाला." तिकडं नागपूरहून सासूबाईंनीही जोरात मान हलवली. श्रीरंगरावांनी नाणी रुमालात बांधली आणि घराबाहेर पडेपर्यंत तो रुमाल छातीशी धरून ठेवला.

परतीच्या मेट्रोत त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. आता आपल्याकडे दोन संच झाले, असं ते सुचेताला पुन्हा पुन्हा सांगत होते. कोरा संच काचेखाली राहील आणि हा दुसरा लोकांना हातात घेऊन बघायला ठेवता येईल. प्रदर्शनात लहान मुलं येतात, त्यांना हात लावू नका म्हणताना आपल्याला किती वाईट वाटायचं, हेही त्यांनी सांगितलं. सुचेताला वाटलं, घरी जाईपर्यंत गप्प बसावं. पण घरी आल्बम होता, आणि तो उघडायला श्रीरंगराव चप्पल काढण्याइतकासुद्धा वेळ थांबले नसते.

"अहो," ती म्हणाली, "दोन संच नाहीत. एकच आहे. तो हा."

मग तिनं सगळं सांगितलं. चिल्लर, चॉकलेटं, सिंहाची बाजू, उपरणं. श्रीरंगराव ऐकत राहिले. तिचं सांगून संपलं तरी ते काही बोलले नाहीत. इंदिरानगर आलं आणि गेलं, हलसूर आलं आणि गेलं. रुमालाची गाठ मांडीवर धरून ते खिडकीबाहेर बघत बसले, अगदी त्या बाल्कनीतल्यासारखे.  ते ओरडले असते तर तिला चाललं असतं. तो गप्पपणा पुन्हा घरात आला तर तिच्याच्यानं तो दुसऱ्यांदा घालवणं व्हायचं नव्हतं, आणि या वेळी तिनं तो स्वतः आणलेला होता.

"घरी गेल्यावर चिंचेनं घासून देते," ती चाचरत म्हणाली. "लख्ख होतील."

श्रीरंगरावांची मान गर्रकन वळली. "चिंच?"

"नाहीतर रांगोळीनं. निरांजनं किती छान निघतात."

"सुचेता, नाणं धुवायचं नसतं," ते म्हणाले. "धुतलं की त्याचं तेज गेलं. डाग पडला तर पडला, तो त्याचा इतिहास. पण घासलेलं नाणं कुणी दारात उभं करत नाही."

आवाज ऐकून तिच्या जिवात जीव आला. त्यांना पुन्हा गप्प बसू द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तिनं विचारलं, "बरं, मग टूथपेस्ट?" श्रीरंगरावांनी डोळे मिटून घेतले आणि धातूचा पृष्ठभाग म्हणजे काय इथून सुरुवात केली. मॅजेस्टिकला गाडी बदलताना ते बोलत होते, जिन्यावर बोलत होते, राजाजीनगरला उतरल्यावर रस्त्यानं बोलत होते. इतकं कंटाळवाणं व्याख्यान सुचेतानं इतक्या आनंदानं कधी ऐकलं नव्हतं. घराच्या फाटकापाशी मात्र ते एकदम थांबले. "त्या पोराला मी काय काय बोललो गं," ते म्हणाले, आणि हसायला लागले, ते फाटकाला धरून हसत राहिले. यल्लव्वा अक्का खिडकीत येऊन बघून गेल्या.

हसून झाल्यावर प्रदर्शनाला जाण्यात अर्थ नाही, असं त्यांनी जाहीर केलं. सुचेतानं ऐकलं नाही. जिंकण्यासाठी पूजा घातली आणि आता घरी बसायचं तर देवाला काय वाटेल, असा तिनं मुद्दा काढला.  रविवारी सकाळी पाचही सेनापती, हळदकुंकवासकट, निळ्या कापडावर काचेखाली बसले. स्वतःच्याच नियमानं श्रीरंगरावांना ते पुसता येत नव्हते.

दयानंदराव भिंग घेऊन आले, वाकले आणि चुकचुकले. "काय हे हुक्केरीकर, गंज?"

"कुंकू," श्रीरंगराव म्हणाले. दयानंदरावांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, जसा सांत्वनाला गेल्यावर ठेवतात.

परीक्षक मनस्विनीबाई आल्या. नाण्यांची स्थिती या सदरात शून्य गुण द्यावे लागतील, असं त्यांनी फार हळहळून सांगितलं. श्रीरंगरावांनी मान डोलावली. ते टेबलामागच्या खुर्चीत शक्य तितके लहान होऊन बसले.

अशा प्रदर्शनांना पुरुष हौसेनं येतात आणि त्यांच्या बायका नाइलाजानं. बायका पंख्याखालच्या खुर्च्यांवर बसून घड्याळाकडे बघतात. त्यातल्या दावणगेरेच्या एक बाई पाय मोकळे करायला उठल्या आणि या टेबलापाशी थबकल्या. "अय्यो, याला कुंकू कसं?" त्यांनी विचारलं. सुचेतानं सांगायला सुरुवात केली. लवंगांचा डबा येईपर्यंत दोघी-तिघी आणखी जमल्या, व्हाइटफील्डपर्यंत पंख्याखालच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि मेहुणाची दक्षिणा आली तेव्हा मागचे लोक दिसत नाही म्हणून टाचा उंचावत होते. एका बाईंनी चपला काढून महाराजांना हात जोडले, मग सगळ्यांनीच काढल्या. कुणी वेणीतलं फूल काचेवर ठेवलं. एका आजोबांनी ओवाळणी टाकायला खिशात हात घातला, पण त्यांच्याकडेही सुट्टे नव्हते.

दुपारपर्यंत गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली की सुचेताचा घसा बसला. मग श्रीरंगराव उठले आणि त्यांनी पुढं सांगायला घेतली. ते खुर्चीतून उठले ते पुन्हा बसलेच नाहीत. अद्वैत आणि आसावरी आले तेव्हा अद्वैतला गर्दीपुढं उभं करून त्यांनी त्याची जाहीर माफी मागितली, काच उचलली आणि महाराणा प्रताप त्याच्या तळहातावर ठेवले. हातमोजे न घालता. दयानंदरावांच्या मखमलीपाशी तोवर एक पंखा तेवढा फिरत होता.

संध्याकाळी प्रेक्षकांच्या मतांची पेटी उघडली. चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या निघाल्या, काहींवर तर नुसतंच 'कुंकवाचं टेबल' असं लिहिलेलं होतं. मनस्विनीबाईंनी निकाल वाचला, आणि सेक्रेटरी या नात्यानं ढाल द्यायची वेळ दयानंदरावांवर आली. इतकी वर्षं ती ते स्वतःच स्वतःला देत आले होते, त्यामुळे दुसऱ्याच्या हातात सोडताना त्यांना थोडा वेळ लागला. श्रीरंगरावांनी ढाल घेतली आणि सरळ सुचेताच्या हातात दिली.

"सेनापती मी फक्त जमवले," ते माईकवर म्हणाले. "त्यांना मोहिमेवर यांनी नेलं."

टाळ्या थांबेनात. पंख्याखालच्या बायकांनी तर उभं राहून वाजवल्या. सुचेताला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही आवरायला तिच्याकडे मोकळा हात नव्हता.

हॉल रिकामा होत आला तेव्हा दयानंदराव इकडेतिकडे बघत तिच्याजवळ आले. घसा साफ केला. मिशी नेहमीपेक्षा जरा उतरलेली होती.

"वहिनी, त्या आचारांचा नंबर मिळेल का?"

"पूजा घालताय?"

"विचार आहे. पुढच्या प्रदर्शनाच्या आधी. म्हणजे, आमच्या त्या चांदीच्या रुपयांचीपण एकदा..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

"देते की," सुचेता म्हणाली आणि तिनं लगेच नंबर पाठवलासुद्धा. मग ढाल दुसऱ्या बगलेत घेत ती म्हणाली, "फक्त मेहूण म्हणून आम्हालाच बोलवा हं, भावजी."

दयानंदरावांनी आनंदानं कबूल केलं. टेबलक्लॉथची घडी घालता घालता श्रीरंगराव थांबले, आणि शेजारच्या मखमलीवरचे रुपये कोणत्या सालातले आहेत ते चष्मा लावून बघू लागले.